मुलाखत घ्यायला आलेले सर

आख्ख्या हिंगोली जिल्ह्यात प्राध्यापकासारखा दिसणारा माणूस एकच, आणि तो म्हणजे आमचे भूगोलाचे सर. बाकी आम्ही सगळे फार तर पतसंस्थेचे वसुलीवाले दिसतो. सरांच्या अंगात मार्चच्या उन्हातही कोट, बुटांना अशी पॉलिश की त्यात बघून भांग पाडावा, आणि चाल अशी की समोरच्याने आपोआप बाजूला व्हावं. एकदा कनेरगाव नाक्यावर आम्ही चहाला थांबलो, तर धाबेवाल्याने आधी टेबल पुसलं, मग घरगुती गॅसचा सिलिंडर घाईघाईने आत ढकलला आणि हात जोडून विचारलं, ‘‘साहेब, कोनत्या खात्याचे?’’ सर गंभीरपणे म्हणाले, ‘‘भूगोल.’’ तरी त्याने चहाचे पैसे घेतले नाहीत.

खरी गोष्ट अशी, की सर आणि मी दोघंही तासिका तत्त्वावरचे. म्हणजे जेवढे तास शिकवाल तेवढ्याच तासांचे पैसे, आणि तेही येतील तेव्हा. उन्हाळ्याच्या तोंडाशी नेमणूक संपते आणि जुलैत त्याच तासांसाठी पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत. सरांची पीएचडी जुनी झाली, केस पिकले, नेमणूक मात्र दरवर्षी नवी कोरी. मी मराठी शिकवतो, त्यामुळे मला लाज वाटली की मी ती चार लोकांत बोलून मोकळा होतो. सरांनी ती कोटाच्या आत ठेवली होती. विद्यार्थ्यांना यातलं काही कळता कामा नये, एवढं एकच व्रत त्यांनी आयुष्यभर पाळलं. स्टाफरूममध्ये ते कधी बसायचे नाहीत, डबासुद्धा उभ्याने खायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, ‘‘भूगोलवाल्यानं फिरतं ऱ्हावं.’’ खरं कारण असं, की एका कायम प्राध्यापकाने पोरांदेखत त्यांना ‘‘माझी खुर्ची आहे ती’’ म्हणून उठवलं होतं.

कॉलेजातला पृथ्वीगोल फुटका, म्हणून सर स्वतःचा काखेत मारून एसटीने यायचे. कंडक्टर छेडायचा, ‘‘सर, पृथ्वीचं हाफ तिकीट फाडू का?’’ सर म्हणायचे, ‘‘फाडा की, पन तिला खिडकी द्या.’’ नेमणूक संपली की ते रीतसर निरोप घेत. फळ्याचा, ग्रंथालयाचा, आवारातल्या लिंबाचा, आणि शेवटी आमचे शिपाई मौलाचाचा यांचा. दरवर्षी डोळे भरून यायचे. चाचा वैतागून म्हणायचे, ‘‘हर साल कायकू रोते सर? जुलै में आनाच है ना!’’

गेल्या जुलैत आम्ही दोघं मुलाखतीसाठी प्राचार्यांच्या खोलीबाहेर बाकावर बसलो होतो. भूगोलाचे तास एकालाच मिळणार होते, आणि ते सरांना मिळाले तरच त्यांच्या घरातली चूल नीट पेटणार होती, हे मला ठाऊक होतं. एवढ्यात एक पोरगी आली आणि सरळ सरांच्या पाया पडली. नरसीकडच्या एका तांड्यावरची, सरांचीच विद्यार्थिनी. बारावीनंतर तिला शिकू द्या म्हणून सर कोट चढवून तिच्या बापाकडे गेले होते, आणि बाप कोट बघूनच हो म्हणाला होता. आता ती एमए होऊन, सेट पास होऊन आली होती.

‘‘सर, मुलाखत घ्यायला तुमीच हाव का?’’ ती हरखून म्हणाली. ‘‘मंग मला काहून भेव?’’

सरांनी हातातली अर्जाची फाईल हळूच माझ्या मांडीवर सरकवली. मी सरांकडे बघू शकलो नाही.

‘‘व्हय,’’ सर म्हणाले. मग घसा खाकरून, ‘‘म्हंजी, मी आत बसनार न्हाई. आपली विद्यार्थिनी असली का बसता येत न्हाई. नियम हाय तसा.’’

असा नियम मी कुठेही ऐकलेला नाही. पण सरांच्या तोंडून तो इतका शोभला की क्षणभर मलाही खरा वाटला. मग त्यांनी तिला व्हरांड्याच्या टोकाला नेलं. तज्ज्ञ काय विचारतात, कुठे अडवतात, काळ्या मातीवर बोलताना आपल्या शिवाराचं उदाहरण कसं द्यायचं, सगळं सांगितलं. एवढ्या वर्षांच्या मुलाखतींत कमावलेलं सगळं त्यांनी तिच्या ओंजळीत ओतलं आणि ‘‘भिऊ नको, लेकरा’’ म्हणून ते फाटकाकडे चालू लागले, तशाच रुबाबात.

चाचांनी दार उघडलं. आधी त्यांनी फाटकाकडे पाहिलं, मग पोरीकडे, मग माझ्या मांडीवरच्या फाईलकडे. हळूच म्हणाले, ‘‘भूगोल में एकीच हैं क्या?’’

‘‘एकच,’’ मी म्हणालो. सरांच्या मागे धावायला हवं होतं, पण पुढचा नंबर मराठीचा होता. याची मला अजून लाज वाटते.

तास पोरीला मिळाले. पहिले काही दिवस ती मला विचारायची, ‘‘सरांची बदली कुटं झाली?’’ मग तिच्या हातात नेमणुकीचा आदेश आला, त्यात ‘तासिका तत्त्वावरील आधीच्या शिक्षकाच्या जागी’ असं लिहिलं होतं. त्या दिवशी स्टाफरूममध्ये तिने तो कागद दोनदा वाचला. शेवटी म्हणाली, ‘‘सर, भूगोलाचे सरबी आपल्यासारखेच होते का?’’ मी खडू शोधायला लागलो. तिने पुन्हा विचारलं नाही.

परवा आखाडा बाळापूरच्या बाजारात सर दिसले. मेव्हण्याच्या बी-बियाण्यांच्या दुकानात बसतात आता. अंगात साधा सदरा होता, आणि तो त्यांना कुण्या दुसऱ्याचा असल्यासारखा दिसत होता. पोरगी कशी शिकवते, वर्गात पोरं ऐकतात का, सगळं विचारून झालं. मग आवाज खाली आणून म्हणाले, ‘‘तिला वाटत असंल ना, सर बदलून गेले म्हनून?’’

‘‘व्हय सर,’’ मी म्हणालो. ‘‘तसंच वाटतं तिला.’’

सरांचा चेहरा असा उजळला की विचारू नका. त्यांनी गल्ल्यामागची खुर्ची मला दिली, स्वतः उभे राहिले आणि चहा मागवला. मी तो मान खाली घालून प्यायलो.