भरल्या ताटातली अर्धी भाकरी

श्रीमती गोदावरीबाई, म्हणजे आपणा सर्वांच्या गोदाक्का, यांना यंदा साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांच्या खाणावळीत जेवून गेलेल्या मंडळींनी त्यानिमित्त हे लहानसे पुस्तक काढायचे ठरवले आणि एक लेख मी लिहावा असा आग्रह धरला. मी आयुष्यभर औषधाच्या चिठ्ठ्या लिहिल्या. गौरवलेख हा पहिलाच. पण माझी एक चिठ्ठी गोदाक्कांनी माझ्या हातात परत ठेवली होती आणि माझे खरे शिक्षण तिथून सुरू झाले. ती हकीकत सांगण्याचा हक्क मात्र माझाच आहे.

हैदराबादेहून डॉक्टरी शिकून मी मोमिनाबादला, म्हणजे आपल्या अंबाजोगाईला, दवाखान्यावर रुजू झालो तेव्हा एकटाच होतो. कचेरीमागच्या गल्लीत गोदाक्कांची खाणावळ होती. माहेर घाटनांदूरचे, ऐन तारुण्यात वैधव्य आले, तेव्हा कुणाच्या दारी न जाता त्यांनी दोन खोल्यांत चूल मांडली. अदालतीत तारखेला आलेले पक्षकार, कचेरीतले कारकून, मुक्कामी वकील, सगळे तिथेच जेवत. पहिल्याच दिवशी मी भाजी बाजूला सारून चार भाकरी आणि वर गुळाचा खडा असे जेवलो. गोदाक्का वाढता वाढता थांबल्या आणि म्हणाल्या, "डाक्टर हाव ना तुमी? मंग भाजीनं काय घोडं मारलं तुमचं?" पंगत हसली. मीही हसलो, आणि भाजी तशीच ठेवून उठलो.

पुढे वर्षभरात दिंद्रुडचे नागोराव पाटील माझ्याकडे आले. धिप्पाड गडी, आवाज असा की दवाखान्याबाहेरचे बैल बुजावेत. पायात बाभळीचा काटा मोडला होता. काटा निघाला, पण जखम दोन महिने भरत नव्हती आणि अंगठ्याची कड काळी पडू लागली होती. पाटलांना तहान फार लागे, लघवीलाही वरचेवर जावे लागे. मी त्यांची लघवी परीक्षानळीत घेतली, निळे औषध घातले, दिव्यावर तापवली. निळा रंग जाऊन नळीत विटकरी गाळ साचला. मधुमेह होता, आणि चांगलाच मुरलेला होता. आज ज्या सुईच्या औषधाचे नाव आपण ऐकतो ते तेव्हा निघालेले नव्हते. हातात होते ते फक्त पथ्य.

मी पाटलांना स्पष्ट सांगितले की धान्य आणि गोड सुटले तर पाय वाचेल, नाही तर हैदराबादला जाऊन तो कापावा लागेल.

पाटील म्हणाले, "पाय कापा डाक्टर, पन भाकर कापू नका."

त्यांच्या पत्नी अनसूयाबाई शेजारी उभ्या होत्या. त्यांनी तोंडाला पदर लावला. तेव्हा पाटील हळूच म्हणाले, "बरं, लिहा काय लिहायचं त्ये."

मी इंग्रजी पुस्तक समोर ठेवून एक कडक पथ्यपत्रक तयार केले. भाकरी बंद, भात बंद, गूळ-साखर बंद. उकडलेली भाजी, अंडी, मांस. प्रत्येक वेळेचे माप ठरवले. पाटलांनी अंबाजोगाईतल्या नातलगांकडे राहून रोज मलमपट्टीला यावे आणि जेवण गोदाक्कांकडे करावे असे ठरले. पत्रक मी कंपाउंडर रहीमभाईंच्या हाती खाणावळीत पाठवले.

तासाभरात गोदाक्का स्वतः ते पत्रक घेऊन दवाखान्यात हजर. त्यांना वाचता येत नव्हते. एका कारकुनाकडून त्यांनी ते दोनदा वाचून घेतले होते.

"डाक्टर, पाटलाच्या गळ्यात माळ हाय. तुमी बगितली न्हाई?"

मी पाटलांचा पाय दोन महिने बघत होतो. गळा एकदाही बघितला नव्हता. माळकरी माणसाला मी अंडी आणि मांस लिहून दिले होते.

"आनि ह्ये उकडल्याली भाजी," त्या पुढे म्हणाल्या, "दोन दिस खाईल. तिसऱ्या दिशी चोरून गूळ खाईल. मंग तुमी त्याला बोल लावचाल. कावून? मानसाच्या ताटातनं भाकर काडली तर तितं भोक पडतं. त्ये कशानं भरायचं, त्येचा इचारच न्हाई तुमच्या कागदात."

मी जरा रागानेच म्हणालो, "मग तुम्हीच सांगा गोदाक्का, काय करायचे?"

"करते मी. पन एक हाय. पाटलाच्या शेजारी बसून तुमी बी ह्येच खायाचं. चाळीस दिस. दुसऱ्याला सांगायचं आन आपन गुळाचा खडा चघळायचा, ह्ये माज्या पंगतीला चालायचं न्हाई."

रहीमभाई तोंड फिरवून बाटल्या पुसू लागले. मी होकार दिला.

मग आम्ही दोघांनी बसून पथ्य नव्याने बांधले. भाकरी अगदी बंद करण्याचा हट्ट मी सोडला; धान्य अगदी कमी आणि गोड पूर्ण बंद, एवढाच आग्रह ठेवला. त्यात गोदाक्कांनी एक अक्षरही बदलले नाही. बाकी सगळे त्यांनी ठरवले. ताटात आधी पालेभाजी, तीही मोठी वाटी भरून: चाकवत, तांदुळजा, अंबाडी, पाथरी, ज्या दिवशी जे मिळेल ते. मग दोडका, पडवळ किंवा वांगे. जवसाची नाही तर कारळाची चटणी, वर तूप. मोड आलेल्या मटकीची थोडी उसळ. घट्ट दही किंवा ताक. आणि सगळ्यात शेवटी तळहाताएवढी, पातळ, अर्धी भाकरी. शेवटी का, असे मी विचारले. गोदाक्का म्हणाल्या, "पुरुषमानूस भाकर पैली खातो आन पोट भरल्यावर भाजीकडं बगतो. पंधरा वर्सं वाडतेय मी." ही मी पुस्तकात कुठेही न वाचलेली गोष्ट होती.

पहिले चार दिवस हाल झाले. माझे डोके दुखे, संध्याकाळी चिडचिड होई; रहीमभाईंवर मी उगाच दोनदा ओरडलो आणि दोनदा त्यांची माफी मागितली. पाटील तर ताटावर बसताना असा चेहरा करत की जणू सबंध तालुक्याचा शेतसारा त्यांच्यावर बसला आहे. पण गोदाक्का रोज नवी भाजी करत आणि आम्ही दोघे एकमेकांवर पाळत ठेवून असू. पाटील मला दटावत, "डाक्टर, तुमची अर्दी माज्या अर्दीपरीस मोटी हाय." दुसऱ्या आठवड्यात एक दिवस मी पाथरीची भाजी दुसऱ्यांदा मागून घेतली. गोदाक्कांनी वाटी काठोकाठ भरली. ज्या भाजीला मी वर्षभर हात लावला नव्हता ती मी मागून खात होतो. हा बदल कसा झाला याचा मी पुष्कळ विचार केला. भाकरी कमी झाली म्हणून भाजीला जागा मिळाली, आणि भाजी चवीची होती म्हणून ती जागा तिने सोडली नाही. एवढेच उत्तर मला सापडले आणि अजूनही माझ्याकडे तेवढेच आहे.

पाटलांच्या जखमेच्या कडा लाल होऊ लागल्या. जिवंत मांस दिसू लागले. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी मी लघवी तपासायला घेतली तेव्हा गोदाक्का मुद्दाम दवाखान्यात आल्या. नळी दिव्यावर धरली. पाटील, गोदाक्का, रहीमभाई आणि मी, चौघेही नळीकडे बघत होतो. औषध उकळले आणि निळेच राहिले.

"म्हंजी काय?" गोदाक्कांनी विचारले.

"म्हणजे साखर उतरली."

पाटील एका पायावर उठून उभे राहिले. "आक्का, जितलो बगा!" आणि त्या भल्या माणसाने तिथेच गोदाक्कांना वाकून नमस्कार केला. गोदाक्का मागे सरकल्या. "अवं बसा, पाय टेकू नका! आजून जखम वली हाय." मला त्या दिवशी इतका आनंद झाला की मी रहीमभाईंना सुट्टी देऊन टाकली आणि मग सगळ्या बाटल्या मलाच पुसाव्या लागल्या.

खरी परीक्षा मात्र पुढेच होती. नवऱ्याला डॉक्टर उपाशी ठेवतो अशी बातमी दिंद्रुडला परतलेल्या अनसूयाबाईंच्या कानी गेली होती. त्या बैलगाडीने आल्या, सोबत मोठा डबा. त्यात गुळाच्या पोळ्या होत्या. पाटलांनी डब्याकडे बघितले आणि त्यांचे डोळे भरून आले. मी रागावून काही बोलणार तोच गोदाक्कांनी हाताने थांबवले. त्यांनी अनसूयाबाईंना आत चुलीपाशी नेले. पाणी दिले. पाटलांच्या पायाची पट्टी सोडून भरत आलेली जखम दाखवली. मग म्हणाल्या, "बाई, घरी गेल्यावर ह्यांना मी वाडनार हाय का तुमी? डाक्टरचा कागद तितं काय कामाचा? आट दिस ऱ्हावा हितं. माज्या संगं करा."

अनसूयाबाई आठ दिवस राहिल्या. कोणती भाजी कशी परतायची, पातळ भाकरी कशी थापायची, सणाला पुरण झाले तर पाटलांच्या ताटात काय वाढायचे, सगळे त्यांनी हाताने करून शिकून घेतले. डब्यातल्या पोळ्या आल्या दिवशीच पंगतीतल्या पक्षकारांना वाढल्या गेल्या होत्या. चाळिसाव्या दिवशी पाटील स्वतःच्या दोन्ही पायांवर चालत गाडीत जाऊन बसले. आज पाटील सत्तरीच्या पुढे आहेत. सणासुदीला त्यांचे पथ्य मोडते, दोनदा चांगलेच मोडले आणि ते माझ्याकडे धावत आले. पण दुसऱ्या दिवशी अनसूयाबाई ताट पुन्हा मार्गावर आणतात. माझ्या हातचे कितीतरी रोगी पत्रक घेऊन गेले आणि महिन्यात विसरले. ज्यांच्या घरची बाई गोदाक्कांच्या चुलीपाशी बसून गेली, त्यांच्यातले बहुतेक टिकले.

गोदाक्कांचा विवेकही इथे सांगितला पाहिजे. पाटलांचे नाव झाल्यावर एक मेंढपाळ खाणावळीत आला आणि "मला बी पाटलावानी जेवान द्या" म्हणू लागला. गोदाक्कांनी त्याला आपादमस्तक न्याहाळले. "दिसभर मेंढरामागं पळतोस. तुला कसली साखर? बस खाली." त्याला त्यांनी तीन भाकरी वाढल्या, भाजी मात्र मोठी वाटी भरून. पथ्य कुणाला द्यायचे नाही हे मला शिकायला पुष्कळ वर्षे लागली असती.

सगळेच रोगी वाचले असे नाही. वडवणीचे एक तरुण शिंपी आले होते, हाडांचा सापळा झालेले. त्यांचा मधुमेह वेगळ्या जातीचा होता. पथ्याने त्यांना काही महिने मिळाले, त्याहून अधिक नाही. शेवटच्या दिवसांत गोदाक्का खाणावळ शेजारणीवर सोपवून वडवणीला गेल्या आणि त्या शिंप्यांच्या आईजवळ राहिल्या. परत आल्यावर मला विचारले, "आपलं काई चुकलं का, डाक्टर?" मी म्हणालो, "नाही गोदाक्का. एवढेच आपल्या हातात होते." त्या बराच वेळ भाजी निवडत बसल्या. दुसऱ्या दिवशी पंगत वेळेवर लागली.

माझे लग्न होऊन बिऱ्हाड आले तेव्हा माझ्या पत्नीला इथले कुणीच ओळखीचे नव्हते. पहिला महिना गोदाक्का रोज दुपारी येऊन बसत. स्वयंपाक शिकवायला म्हणून येत, आणि तिला गावातल्या बायकांच्या गप्पा सांगून हसवून जात. आमच्या घरातल्या चहाची साखर त्या काळात हळूहळू निम्मी झाली. मला ते दोन वर्षांनी कळले. दोघींनी संगनमताने केलेले हे काम मी आज जाहीरपणे माफ करतो.

साठीनिमित्त ठरलेल्या समारंभाची परवानगी घ्यायला आम्ही त्यांच्याकडे गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "साटी कुनाची बी हुती. कारेक्रम करा, पन सैपाक मीच करनार." आम्ही नाही म्हणालो. बरीच वादावादी झाली. शेवटी अनसूयाबाई पुढे झाल्या. गोदाक्कांच्या हाताखाली शिकून गेलेल्या गावोगावच्या बायका त्या दिवशी चूल सांभाळणार आहेत. भाज्या दिंद्रुडच्या मळ्यातून येणार आहेत. आणि गोदाक्का पहिल्या पंगतीला बसणार आहेत. इतक्या वर्षांत त्यांना सगळ्यांच्या आधी जेवताना आमच्यापैकी कुणीही पाहिलेले नाही. त्यांनी हे कबूल करायला सबंध दुपार घेतली, आणि कबूल केल्यावर पदराने डोळे पुसत एवढेच म्हणाल्या, "ताट कोन वाडनार हाय मला?"

मी वाढणार आहे, गोदाक्का. चाकवताची वाटी काठोकाठ भरून वाढीन. तुमचे हात असेच कणखर राहोत, दृष्टी अशीच तीक्ष्ण राहो, आणि पुढची कित्येक वर्षे तुमच्या पंगतीला बसून तुमची बोलणी खाण्याचे भाग्य आम्हा सर्वांना लाभो. परमेश्वर तुम्हाला उदंड आणि निरोगी आयुष्य देवो. त्या दिवशी मात्र सावकाश जेवा. वाढायला आम्ही सगळे उभे आहोत.