सूचनापान दुरुस्त करून मिळणेबाबत

नोकरी सोडून मी घरून वेबसाइट बनवायला लागले, त्याला आता सहा वर्षं झाली. माझे क्लायंट नाशिकपासून नॉर्वेपर्यंत कुठेही असतात. मी मात्र कोथरूडच्या आमच्या फ्लॅटमधल्या मागच्या खोलीत. समोरच्या काकूंच्या लेखी मी ‘घरीच असते’. म्हणून त्यांचा सिलिंडर मी घ्यायचा, त्यांच्या प्लंबरला किल्ली मी द्यायची. बाबाही हाक मारायचे, “अगं, ये जरा. घरीच आहेस ना?” काकूंचं मी मनावर घेत नसे. बाबांचं लागायचं.

बाबा सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, सध्या आमच्या सोसायटीचे सचिव. पाण्याच्या वेळा, लिफ्टची दुरुस्ती असल्या सूचनांसाठी त्यांना एक वेब पान हवं होतं. मला डोकं वर काढायला फुरसत नव्हती. हल्ली नुसतं सांगितलं की पान बनवून देणारं एआयचं टूल निघालंय, तेच त्यांना उघडून दिलं. बाबांनी त्याला रीतसर अर्ज लिहिला. “महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की...” मिनिटभरात पान तयार. बाबांनी चष्मा कपाळावर चढवला आणि माझ्याकडे पाहिलं.

“मग तू दिवसभर काय करतेस?”

टोमणा असता तर मी परतवला असता. त्यांचे टोमणे मला पाठ आहेत. पण ते खरंच विचारत होते, आणि गेले काही महिने तोच प्रश्न मलाही छळत होता. मी खोलीचं दार लावून घेतलं.

चार दिवसांनी त्याच दाराखालून एक कागद आत सरकला. बाबांचं वळणदार अक्षर. “विषय: सूचनापान दुरुस्त करून मिळणेबाबत. सदर पान तिसऱ्या मजल्यावरील ज्येष्ठ सभासदांच्या जुन्या फोनवर नीट दिसत नाही. टूलला तीन अर्ज केले. उत्तर नम्र आले, पान तसेच आहे. तरी आपण सवडीने लक्ष घालावे, ही विनंती.” पोटच्या पोरीला ‘आपण’. मला हसू आवरेना, आणि रागही पुरता गेला.

दुपारी त्यांना शेजारी बसवलं. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांचा फोन मागून आणला. अक्षरं मोठी केली, जड चित्रं काढली, पुन्हा त्या फोनवर पाहिलं. आजोबांचा हात थरथरतो, म्हणून बटणं लांब लांब ठेवली.

“हे त्याला का नाही सुचलं?” बाबांनी विचारलं.

“हात थरथरतो, हे तुम्ही अर्जात लिहिलं नव्हतंत.”

बाबा “हं” म्हणाले, आणि अडीच तास जागचे उठले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा क्लायंटबरोबरचा कॉल नुकताच संपला होता, तेवढ्यात बेल वाजली. काकू किल्ली घेऊन आल्या होत्या.

“ती ऑफिसात आहे,” बाबांचा आवाज आला.

“अहो, आत्ता तर आतून बोलताना ऐकलं मी.”

“ऑफिसातूनच बोलत होती. किल्ली माझ्याकडे द्या. मी घरीच असतो.”

मला समोरचं काही दिसेना, इतके डोळे भरून आले. अकरा वाजता दारावर टकटक झाली. आमच्या घरात दारं वाजवायची पद्धतच नाही. बाबा चहाचा कप घेऊन उंबऱ्याबाहेर उभे होते.

“आत येऊ का?” त्यांनी विचारलं.