तेरवीसाठी काढलेली सीडी

आमच्याकडे लग्नाचं शूटिंग नवरा करायचा आणि मिक्सिंग मी. आर्वीत घराच्या पुढच्या खोलीत कॉम्प्युटर होता. नवरीवर पाकळ्या पाडणं, कमळातून नवरदेव उगवणं, ही सगळी माझी करामत. कॅसेटी मात्र मोजक्याच होत्या. सीडी गिऱ्हाइकाच्या हातात पडली की त्याच कॅसेटवर पुढचं लग्न भरायचं. सगळेच तसं करायचे, म्हणून त्यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलंच नाही.

एका एप्रिलमध्ये रोहणा गावची एक लेक आली. चार वर्षांपूर्वी तिचं लग्न आम्हीच शूट केलं होतं. तिचे वडील अचानक गेले होते, त्याला तीन दिवस झाले होते. हलताबोलता तो माणूस फक्त त्या लग्नाच्या सीडीत होता, आणि ती सीडी तिच्या पोरांनी फरशीवर घासून ठेवलेली. तेरवीला सगळे जमणार होते. आईला त्यांना एकदा बघायचं होतं. "तुमच्यापाशी कॅसेट असंनच," ती म्हणाली.

त्या कॅसेटवर नंतर तीन लग्नं आणि एक बारसं भरलं होतं. तरी माझ्या तोंडातून निघालं, "हो, हाये. हे सीडीबी राहू द्या इथं." मला खोटं बोलायला वेळ लागत नाही, खरं बोलायलाच लागतो. नवरा म्हणाला, बुरशी लागली म्हणून सांग. मी त्याच्यावर खेकसले, पण मनात तेच उत्तर राखून ठेवलं.

सीडीची कॉपी होईना, अर्ध्यात अडकायची. पण कॉम्प्युटरवर लावली तर खरचटत का होईना, पडद्यावर दिसायची. तेव्हा पडद्यावर चाललेलंच टिपून घेणारं एक सॉफ्टवेअर मी चालू केलं. टिपलं गेलं, पण माणसं अडखळत चालायला लागली. मूळ व्हिडिओत सेकंदाला पंचवीस चित्रं. टिपणारा तीस घेत होता. मग तो पाच-सहा चित्रांमागे एक चित्र दोनदा घ्यायचा, आणि तेही नेमानं नाही. ही जुळी चित्रं काढली की चाल सरळ होणार, एवढं मला कळलं. त्यासाठीही सोय होती: एकसारखी दिसणारी चित्रं आपोआप उडवायची.

मी उडवली. वरात झकास चालली, बायका झकास हसल्या. आणि वडील गायब. स्टेजच्या बाजूला ते दिसले न दिसले तोच पंगत सुरू झाली. पुन्हा बघितलं तेव्हा उलगडा झाला. आपल्याकडची जुनी माणसं व्हिडिओवाल्यासमोरही फोटोसारखीच उभी राहतात. हात सरळ, मान ताठ, श्वाससुद्धा रोखलेला. माझा नवरा मागून म्हणतोय, बाबाजी, जरासं हाला. आणि बाबाजी ढिम्म. पूर्ण चाळीस सेकंद. कॉम्प्युटरला ते सगळं एकच चित्र वाटलं आणि त्यानं माणूसच उडवला.

मग तेवढे चाळीस सेकंद हातानं करायचं ठरवलं. बाराशे चित्रं, त्यातली दोनशे खोटी. पण न हलणाऱ्या माणसाचं खरं चित्र कोणतं आणि खोटं कोणतं? सुदैवानं त्यांच्या मागे लांब, कॉम्प्युटरच्या हिशेबात न आलेला, मंडपवाल्याचा उभा पंखा होता. पाती जिथल्या तिथे असतील तर चित्र दुसऱ्यांदा आलेलं, उडव. पाती सरकली असतील तर बाबा खरोखर तिथे उभे आहेत, हात लावू नकोस. भारनियमनात लाइट कधी जाईल याचा नेम नव्हता, म्हणून दर दहा चित्रांनी सेव्ह करायचे. दारात मोटारसायकल थांबली की वाटायचं, तीच आली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. दोन दिवसांत तो चेहरा मी हजारदा बघितला. उजव्या गालावर दाढी करताना कापलेलं होतं.

बाराव्या दिवशी दुपारी ती आली. मी नवी सीडी लावली. बाबा आले, उभे राहिले, उभेच राहिले. ती पडद्याकडे बघत रडली. "असेच राह्यत ते, फोटोच समजले असंन." वाटलं, निभावलं.

सीडी पिशवीत ठेवता ठेवता ती म्हणाली, "ते कॅसेट मले देता का? जपून ठेवीन."

बुरशी जिभेवर तयार होती. पण तो कापलेला गाल डोळ्यांपुढून हलेना. "कॅसेट नाई," मी म्हटलं. "त्याच्यावर दुसरं लगन भरलं आमी. हे तुमच्याच सीडीतून काढलं."

ती शिव्या देईल, आपल्या नवऱ्याला बोलावेल, गावभर सांगेल, असं सगळं मनात येऊन गेलं. ती नुसती खाली बसली.

"मंग हे येवढेच बाबा हायेत?"

"हो."

तिनं सीडी पिशवीतून परत काढून माझ्यापुढे ठेवली. मग म्हणाली, "आनखी एक काढा. ते तुमच्यापाशीच राहू द्या. माह्या घरी पोरं हायेत."

ती सीडी अजून माझ्याकडे आहे. दर उन्हाळ्यात मी ती लावून बघते. चित्र उमटायला काही क्षण लागतात, आणि तेवढा वेळ माझा श्वास अडकलेला असतो.