पेटीवाल्या बाई आणि माझा तास

सन दोन हजार बावीस. मला बाहत्तरावं लागलं होतं, आणि त्या वयात एका बाईनं मला पुस्तक उचलायला लावलं.

सेलूहून येणाऱ्या जीपच्या टपावर पत्र्याची पेटी दिसली की गावात ओरडा व्हायचा, “पेटीवाल्या बाई आल्या!” बाई सेलूच्या वाचनालयातल्या, पेटीत पुस्तकं. एक सोमवार महादेवाच्या मंडपात, दुसरा बुद्धविहाराच्या अंगणात. दोन्हीकडच्या पंचांकडून त्यांनी हे चहा पिता पिता कबूल करून घेतलं होतं. बाई हसायच्या लय. हसू यायच्या आधीच चष्मा काढून हातात धरायच्या, पडू नये म्हणून.

त्यांचा कायदा न्यारा. पुस्तक न्यायचं, परत आणताना त्यातलं एक पान सगळ्यांपुढं वाचायचं, मग आपल्याला जे येतं ते अर्धा तास शिकवायचं. कुणी पंक्चर काढायला शिकवलं, कुणी पुरणपोळी. “इथं सगळेच मास्तर,” बाई म्हणायच्या.

मला तो तास हवाच होता. जिनिंगमध्ये पस्तीस वर्षं कापूस पारखला, पण मला मास्तर कुणी म्हणलं न्हाई. शाळा दुसरीतच सुटली. अक्षरं लागतात, पण बैलगाडीच्या चालीनं. बाईंना ठणकावलं, “शिकवीन. पुस्तक-बिस्तक नेणार न्हाई.”

“मग तास नाही, आबा.” इतकं गोड बोलल्या की भांडताही येईना.

मग न्यायचं तर भारीतलं न्यावं म्हणून सगळ्यात जाड पुस्तक उचललं. नाव वाचत बसलो असतो तर लोकांनी माझी चाल पाहिली असती. पारावर चार दिवस ते तोंडापुढं धरून बसलो. पाचव्या दिवशी शेजारचा सोपान वाकून वाकून कव्हर वाचायला लागला आणि खो खो हसत सुटला.

“आबा, काकूंना कितवा महिना हाय?”

पुस्तक गरोदर बाईच्या आहाराचं होतं!

मी म्हणालो, “सुनेसाठी आणलंय.” सुनेचा धाकटा बारावीला. तासाभरात तीन बाया ओटीचं सामान घेऊन दारात. सून पदर तोंडात कोंबून हसायली, आणि आमची म्हातारी म्हणायली, “आता वाचाच पुरतं. एवढा बोभाटा केलाय तर.”

पुस्तक बदलून आणलं असतं, पण मग सोपान जिंकला असता. दार लावून एकच पान रात्रंदिवस घोकलं.

सोमवारी मंडप खच्चून भरला. मी शेंगदाणे, गूळ, शेवग्याची भाजी असं एकेक अक्षर पकडत वाचत गेलो. लोक हसून लोळायचे बाकी राहिले. बाईंनी चष्मा केव्हाच काढला होता. पान संपलं तशी सोपानची सून उठली. तिला खरंच सातवा होता. म्हणाली, “आबा, फुडचं पान बी वाचा की. माझ्या कामाचं हाय.” सोपानचं तोंड बघण्यासारखं झालं! पुढचं पान घोकलेलं नव्हतं. तरी वाचलं. घाम फुटला, पण वाचलं.

मग माझा तास. काळ्या टोपीवर कापसाचा धागा ओढून लांबी कशी बघायची ते दाखवलं. बाई मांडी घालून पुढं बसल्या आणि त्यांनीच लांबी चुकीची सांगितली. मी डाफरलो, “बाई, डोळ्यानं नका बघू. बोटानं वाचा!” त्या कान पकडून म्हणाल्या, “चुकले, मास्तर.”

मास्तर! माझ्या छातीत ढोल वाजायला लागला.

पेटी जीपवर चढवताना बाई म्हणाल्या, “उद्यापासून मी पाथरीच्या वाचनालयात. इथं दुसऱ्या बाई येतील.” मला राग आला. निरोपाचा नमस्कारसुद्धा केला नाही. नुसतं “बरं” म्हणालो आणि पाठ फिरवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुतलेलं धोतर नेसून पहिल्या जीपनं पाथरी गाठली. बाई कुलूप उघडायला आल्या तेव्हा मी पायरीवरच बसलो होतो. म्हणालो, “मला मेंबर व्हायचंय.”