फॉनचा गठ्ठा

नागपुरात धरमपेठेत एका वकिलांच्या माडीवर आमच्या चरित्रकोशाचं कार्यालय होतं. जगभरच्या शास्त्रज्ञांची चरित्रं मराठीत आणायची, एवढा मोठा संकल्प आणि माणसं मोजून चार. संपादक, म्हणजे रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, यांना आम्ही सर म्हणायचो. एक टंकलेखक, एक मी, आणि सत्तरच्या दशकात एका उन्हाळ्यात रुजू झालेली ती. ती येईपर्यंत माझं बरं चाललं होतं, हे आधीच सांगून टाकते.

मी तिथे सहा वर्षं हंगामी होते. सहसंपादकाची एकच कायम जागा मंजूर व्हायची होती आणि ती माझीच, असं मी धरून चालले होते. सर कुठलीही अडचण आली की खुर्ची माझ्या टेबलाकडे वळवायचे आणि विचारायचे, "तुमचं काय मत?" मला त्या प्रश्नाची चटक लागली होती.

ती पार नंदनवन वस्तीतून सायकलवर यायची. विद्यापीठाच्या संध्याकाळच्या वर्गात जर्मन शिकली होती. पहिल्या आठवड्यातच तिने माझा 'फ'चा खण उघडला. त्यात 'फॉन'वाल्या जर्मनांची सत्तेचाळीस कार्डं मी तीन वर्षं खपून लावली होती. फॉन अमुक, फॉन तमुक, सगळे एका गठ्ठ्यात.

"ताई, हे लोक इथं सापडणार नाहीत," ती म्हणाली.

"काहून वं? फॉन 'फ'मध्ये नाही सापडणार तं कुठं सापडणार?"

"फॉन म्हणजे अमक्या गावचा. जर्मनीत त्याईले पुढच्या नावानं शोधतात. भिवापूरकरले आपण 'कर'मध्ये शोधतो का?"

सर इतके खूश झाले की त्यांनी टेबलावर थाप मारली. माझ्या चहाची बशी हिंदकळली. मी म्हटलं, सावनेरच्या शाळेतला मास्तर हा कोश उघडेल तेव्हा त्याच्या कानावर 'फॉन'च पडलेलं असणार, त्याने कुठे शोधायचं? मला वाटलं, आता बोलती बंद होईल. ती म्हणाली, "तिथं एक जाड कार्ड ठेवू ना, 'पुढचं आडनाव पाहा' म्हणून." मग मी 'फॉम' आणि 'त्सुम'वाले काढले. त्यांचं काय? तर ते म्हणे पुढेच राहतात, कारण त्यांच्यात दोन शब्द मुरून एक झाले आहेत. "म्हणजे सोयीप्रमाणे नियम!" मी फणकारले. "नाही ताई, त्याईच्या रीतीप्रमाणे," ती म्हणाली. तिच्या आवाजात जरा तरी तोरा असता तर मला तिचा मनसोक्त राग राग करता आला असता.

त्या दिवसापासून सरांची खुर्ची तिच्या टेबलाकडे वळू लागली. माझ्या पोटात दुखायला लागलं. तिचं अक्षर, तिची सायकल, डब्यातली तिची झणझणीत वांग्याची भाजी, जी ती मला आग्रहाने वाढायची, सगळ्याचा मला हेवा वाटायचा. भाजी मी खायचे आणि तिखट झालीय म्हणायचे. सर म्हणाले, गठ्ठा तिला द्या, ती नवीन पद्धतीने लावेल. माझ्या कार्डांना दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, असं मी सांगितलं. "मग तुम्ही लावा," सर म्हणाले. मी हो म्हटलं आणि तीन आठवडे खण उघडलासुद्धा नाही.

मग एका लग्नासाठी मी चार दिवस भिवापूरला गेले. परत येऊन पाहते तर 'फ'च्या खणातून फॉनचा गठ्ठा गायब. 'फॉम'ची तीन कार्डं तेवढी मागे होती, आणि पुढे तिच्या अक्षरातलं ते जाड कार्ड.

इथे आमच्याकडची एक पद्धत सांगायला हवी. मूळ ग्रंथ वाचून जो नोंद करी, त्याने कार्डाच्या उजव्या कोपऱ्यात आपल्या नावाचं पहिलं अक्षर घालायचं. कोणाचं काम किती, हे त्या अक्षरांवरून ठरायचं. माझ्या आधीच्या गृहस्थांची फाटकी कार्डं मी नव्याने उतरवली तेव्हा कोपऱ्यात बिनदिक्कत माझं अक्षर घातलं होतं. तेव्हा तिनेही तेच केलं असणार, याची मला खात्री होती.

मी तडक सरांकडे गेले. ती तिथेच बसली होती. तिच्यासमोरच म्हटलं, "हिने माझी सत्तेचाळीस कार्डं आपल्या नावावर करून घेतली."

सर उठले, वेगवेगळ्या खणांतून सात-आठ कार्डं काढली आणि माझ्यासमोर मांडली. आडनाव आधी, फॉन मागे, सगळं तिच्या रेखीव अक्षरात. कोपऱ्यात मात्र माझं अक्षर. एकूण एक कार्डावर.

"वाचन ताईचं होतं ना," ती म्हणाली. "मी तं फक्त उतरवून राहिली होती."

माफी मागायची ती हीच वेळ होती. पण माझ्या तोंडून निघालं, "मग आधी विचारायचं." तीच मला सॉरी म्हणाली.

पुढच्या आठवड्यात ती जागा मंजूर करणारी समिती काम पाहायला आली. समितीत मुख्य म्हणजे घरमालक वकीलच. त्यांना विज्ञानातलं फारसं कळत नसे, पण कोर्टाच्या सवयीने ते प्रत्येक कागद उलटून पाहत. परदेशी नावांपाशी ते थबकले. फॉनवाले पुढच्या आडनावाखाली, फॉमवाले 'फ'मध्येच, शोधणाऱ्यासाठी ते जाड कार्ड, हे सगळं नीट लावलेलं पाहून ते म्हणाले, "हे डोकं कोणाचं?" आणि कोपरा पाहून त्यांनी माझं अक्षर मोठ्याने वाचलं. "बाई, तुमचं?"

सरांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे पाहिलं. ते एका शब्दात खरं सांगू शकत होते. त्यांनी ते माझ्यावर सोडलं. ती दोन हातांच्या अंतरावर बसून कार्डांतून दोरा ओवत होती. तिने मान वर केली नाही.

एवढंच म्हणायचं होतं की नोंदी माझ्या, पण मांडणी हिची. ओठांपर्यंत आलंही होतं. पण सहा वर्षं डोळ्यांसमोर आली, ती जागा आली, आणि सगळ्यात आधी आला तिचा चेहरा, जो हे ऐकून पुन्हा तसाच साधा राहिला असता.

"हो," मी म्हटलं. "माझंच."

जागा मला मिळाली. तिने पेढे मागितले आणि मी दिले. दीड वर्षाने पुण्याच्या एका महाविद्यालयात नोकरी लागून ती गेली. मी त्या माडीवर कोश पुरा होईपर्यंत टिकले. लोकांना वाटेल, पद पदरात पडल्यावर माझा हेवा संपला असेल. उलट तो तिथून खरा सुरू झाला. आधी मला वाटायचं, तिला जर्मन येतं म्हणून मी जळते. जर्मन काय, मी पुढे दोन वर्षांत शिकले. चांगलं येतं मला जर्मन. दुसऱ्याचं अक्षर कोपऱ्यात घालणं तेवढं कुठे शिकवत नाहीत.