रायबोझोमचं कालवण

बारावीला जीवशास्त्र शिकवायला लागल्यापासून माझ्याकडे दोनच गोष्टी साठल्या: फुटक्या स्लाइड्स आणि किस्से. स्लाइड्स भंगारवालाही नेत नाही. किस्से मात्र तुम्ही चहा पाजून मागताय, तर प्रथिनांचे ऐका.

*

पेशी आपली प्रथिनं स्वतःच बनवते, असं मी एकदा स्टाफरूममध्ये बोलून गेले. आमचे फिजिक्सचे सर जिमवाले. म्हणाले, "मग मी रोज अंडी कशाला उकडतोय?"

म्हटलं, "सर, कच्चा माल नको का? अमिनो आम्लं अंड्यातून मिळतात."

दुसऱ्या दिवशी डब्यात आठ अंडी. दुपारच्या तासाला वर्गाने सगळ्या खिडक्या उघडल्या.

*

वर्गात सानिका होती, मंडणगडकडची. गेल्या वर्षी जीवशास्त्रात आपटलेली. या खेपेला पास झाली तर नर्सिंग, नाहीतर मुंबईला भावाच्या खोलीवर भाकऱ्या थापायच्या. त्यात परका माणूस समोर आला की हिची दातखीळ बसायची, आणि तोंडी परीक्षा घेणार परकाच माणूस.

मी सांगत होते, डीएनए केंद्रक सोडत नाही, त्याची नक्कल बाहेर रायबोझोमकडे जाते. सानिका एकदम म्हणाली, "आमच्या आयची मसाल्याची वही तशीच हाय. घराभायेर जात नाय. चिठ्ठीवर उतरवायचं नि डंकावर न्यायचं."

रायबोझोम म्हणजे मसाला कुटायचा डंक! इतकी वर्षं मी फळ्यावर नुसते बटाटे काढत होते.

*

परीक्षेसाठी तिने नारळाचा रायबोझोम केला. एक मोठी वाटी, एक लहान, मधून चिठ्ठीची पट्टी. ऐन परीक्षेच्या दिवशी मोठी वाटी गायब.

बाहेरून आलेल्या परीक्षकाला मासे खाऊ घातल्याशिवाय आमच्याकडे तोंडी सुरू होत नाही. रांधतात मांडवीचे बंडूकाका, आमचे लॅब अटेंडंट. मसाला त्यांना सानिकाच्या आयचाच लागतो.

"बाई, कालवणाला नारळ कमी पडला," ते शांतपणे म्हणाले. "टेबलावर एक वाटी उगाच पडलेली."

परीक्षक मॅडम मूळच्या कोल्हापूरच्या. तीन वाट्या कालवण प्यायल्या.

*

जेवून मॅडम सानिकासमोर बसल्या. "हा अर्धाच रायबोझोम कसा?"

सानिकाची दातखीळ बसली. उरलेला अर्धा तुमच्याच पोटात आहे, हे सांगणार कोण?

"बरं, प्रथिनं कुठे बनतात?"

मॅडमच्या पाठीमागे बंडूकाका हवेत मुसळ चालवायला लागले.

"डंकावर," सानिका म्हणाली, आणि सुटलीच. वही केंद्रकात, चिठ्ठी डंकावर, मिरच्या-धणे आणून देणारी माणसं वेगळी, चिठ्ठीत 'बास' आलं की डंक बंद.

"आणि चिठ्ठी उतरवताना चूक झाली तर?"

"तर मॅडम, मसाला कोल्हापुरी होतो."

मॅडमनी आमच्या सगळ्यांकडे एकदा पाहिलं. मग गुण लिहिले. मी चोरून वाचले, पैकीच्या पैकी. पेनाला टोपण लावून त्या हळूच सानिकाकडे वाकल्या.

"वही घराबाहेर जात नाही, ते कळलं. चिठ्ठी मिळेल का?"