दादाचा अ‍ॅम्प्लिफायर गार का राहतो?

पहिलंच सांगते, मी असलं काही मानणारी बाई नाही. मोहोळला शाळेत विज्ञान शिकवते. करणी, अंगात येणं असा विषय निघाला की स्टाफरूममध्ये माझ्याशी वाद घालायला कुणी धजत नाही. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय... तरी लिहिते.

माझा थोरला भाऊ, दादा, सोलापूरच्या जुळे सोलापूर भागात राहतो. फ्लॅट सगळ्यात वरच्या मजल्यावर, डोक्यावर थेट स्लॅब. एकटाच, त्यामुळे आई त्याच्याकडे. त्याला गाणी ऐकायचं वेड. त्यासाठी व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर घेतलेला — काचेच्या नळ्या असतात, आतली तार लाल होते, आणि नळ्या तापल्याशिवाय आवाजच येत नाही. थोड्या वेळात खोलीची भट्टी. वर पंखा बंद, कारण गाणं ऐकताना त्याची घरघर दादाला चालत नाही.

त्याच हॉलमध्ये आईची कॉट. ती अंथरुणाला खिळलेली. गेल्या मे महिन्यात एका रविवारी गेले तेव्हा तिच्या पाठीखालची चादर घामाने ओलीचिंब होती.

"शिवा, जरा बंद कर की रं. लई उकडतंय," आई म्हणाली.

"आत्ता तर तापलाय, आई. आता कुटं आवाज खुलतोय."

मी तोंड उघडलं तर आईनं मलाच दटावलं, "असू दे गं. त्याला तेवढाच इरंगुळा हाय."

त्याच आठवड्यात आई गेली. डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं. असेल.

दिवसकार्य उरकलं त्याच संध्याकाळी दादाने गाणी लावली! माझं डोकंच फिरलं. तणतणत वायर ओढायला गेले, तर हात थेट नळीला लागला. भाजायलाच हवं होतं. पण नळी गार — माठाला हात लावावा तशी. आत तार लालभडक, गाणं चालू, आणि काच गार...

दादाने ओळखीच्या मेकॅनिकला बोलावलं. त्याने मीटर लावून बघितलं, सगळं बरोबर. दुकानात नेला तर तिथं नेहमीसारखा तापला. "ताई, माझ्याकडं हात लावू देत नव्हता की!" म्हणाला. परत आणून दादासमोर लावला. गार.

दादाचे डोळे भरून आले. "आई हाय गं सुमे. मला उकडू नये म्हणून बघ..."

मी पिशवी उचलून एसटी स्टँड गाठलं. थांबले असते तर भांडण झालं असतं.

दिवाळीच्या सुट्टीत दादा बाहेर गेलेला असताना मी एकटीनेच तो चालू केला. आवाज आला तशी नळीवर बोटं टेकवली. चर्रकन भाजली. नळाखाली हात धरून उभी होते तोवर दादा आला, चपला काढून खुर्चीत बसला. मी दुसऱ्या हाताने नळी चाचपली. गाणं चालूच होतं, आणि ती निवत चालली होती.

इतकी उष्णता जाते कुठे? अजून कळलेलं नाही. कुणाला काही सुचलं तर जरूर लिहा. फक्त 'आईची माया' असं लिहू नका. दर रविवारी मोहोळहून एसटीने येऊन तिचं अंग मी पुसत होते.